खंडाने दिलेली बेटे : मालदीवमधील पर्यटकनिवासाची ऐतिहासिक पूर्वपीठिका

१

हिंदी महासागरातील मालदीव द्वीपसमूहात विश्रांतीसाठी येणाऱ्या पाहुण्याचा प्रवासक्रम बहुधा ठरलेला असतो. राजधानी मालेशेजारच्या हुलुले बेटावरील विमानतळावर तो उतरतो आणि तेथून वेगवान नौकेने किंवा पाण्यावर उतरणाऱ्या लहान विमानाने थेट एका छोट्या बेटावर जातो. त्या बेटावर एकच निवाससंस्था असते. माडांच्या सावलीत किंवा उथळ पाण्यात खांबांवर उभारलेली घरे, पांढरी वाळू, प्रवाळाच्या कड्यापर्यंत पसरलेले संथ निळे पाणी आणि हवे ते वेळेवर आणून देणारे सेवक यांच्या सहवासात तो आठवडाभर राहतो व आल्या वाटेने परत जातो. या मुक्कामात एखादे गाव, शाळा, मशीद किंवा दफनभूमी त्याच्या दृष्टीस पडेलच असे नाही. ज्या देशात मद्यपान कायद्याने निषिद्ध आहे, त्या देशात त्याला मद्य मिळते. आणि या विसंगतीचे त्याला सहसा आश्चर्यही वाटत नाही.

या निवासाचे वर्णन करणारे साहित्य विपुल असले तरी त्यात इतिहासाला फारसे स्थान नसते. बेट निर्जन होते, निसर्गाने सुंदर घडविलेले होते, आणि १९७२ नंतर भांडवल व विमान यांनी तेथे सुखसोयी आणल्या, एवढ्यावर ही हकीकत संपते. परंतु असे निर्जन बेट एका व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या ताब्यात कसे येते, परक्या माणसाने तेथेच राहावे व अन्यत्र राहू नये असे कोणी ठरविले, आणि या ताब्याबद्दलचा मोबदला कोणाला व कोणत्या मापाने मिळतो, हे प्रश्न इतिहासाचे आहेत. त्यांचा मागोवा घेतला असता असे दिसते की, ज्या व्यवस्थेला अगदी आधुनिक मानले जाते, तिचे मुख्य घटक मालदीवच्या राज्यव्यवहारात कित्येक शतकांपासून वावरत होते. निर्जन बेटांवरील राजसत्तेची मालकी, ती बेटे खंडाने देण्याची वहिवाट, आणि परक्याला स्वागतासह नजरेखाली ठेवण्याची रीत हे ते तीन घटक होत.

२

मालदीवचा भूविस्तार सुमारे ३०० चौरस किलोमीटर एवढाच आहे. मात्र तो सुमारे १,२०० बेटांत विभागलेला असून ही बेटे उत्तर-दक्षिण पसरलेल्या २६ नैसर्गिक प्रवाळकंकणांवर वसलेली आहेत. अशा कंकणाकृती रचनेसाठी जगभर रूढ झालेला ‘अटॉल’ हा शब्द मूळचा मालदीवच्या धिवेही भाषेतील ‘अतोळु’ होय. एवढ्या बेटांपैकी कायम मनुष्यवस्ती असलेली बेटे २०० च्या आत आहेत. बाकीची बेटे वस्तीवाचून असली तरी उपयोगावाचून कधीच नव्हती. त्यांवर माड होते, जळण व लाकूड होते. मासेमारीच्या फेरीत विसावा होता. आणि अपराध्याला दूरच्या बेटावर हद्दपार करण्याची शिक्षा मालदीवमध्ये दीर्घकाळ प्रचलित असल्याने एका बेटाहून दुसऱ्या बेटाचे अंतर हेदेखील राज्यकारभाराचे एक साधन होते.

निर्जन बेटाची मालकी सुलतानाची समजली जाई. तेथील माडांचे उत्पन्न घेण्याचा हक्क तो ठरावीक मोबदल्यावर एखाद्या सरदाराला, अधिकाऱ्याला किंवा प्रतिष्ठित गृहस्थाला देई. या पद्धतीला धिवेहीत ‘वरुवा’ म्हणतात. महाराष्ट्रातील वाचकाला ती समजण्यास ‘खंड’ हा शब्द पुरेसा आहे. जमीन धन्याची, कसणूक दुसऱ्याची, आणि उत्पन्नातून ठरलेला भाग धन्याकडे. फरक एवढाच की येथे खंडकऱ्याच्या हाती शेताऐवजी समुद्राने वेढलेले संपूर्ण बेट येई आणि त्याबरोबर तेथे कोणी उतरावे हे ठरविण्याचे व्यावहारिक सामर्थ्यही येई.

राजसत्तेचा हा अधिकार पुळणीपर्यंत पोहोचलेला होता. फ्रेंच प्रवासी फ्रांस्वा पिरार द लाव्हाल याने नोंदविले आहे की, लाटांबरोबर किनाऱ्यावर येणारे अंबर आणि फुटलेल्या जहाजांचा माल राजाच्या मालकीचा समजला जाई. कवड्यांचा व्यापारही याच किनाऱ्याचा. उथळ पाण्यातून गोळा केलेल्या कवड्या खड्ड्यात पुरून ठेवीत. आतील मांस कुजून गेले म्हणजे पांढरे कवच उरे. इब्न बतूता चौदाव्या शतकात मालदीवला आला तेव्हा बंगालकडून तांदूळ घेऊन त्याच्या मोबदल्यात कवड्या देण्याचा व्यवहार चालू होता. भारताच्या पूर्व भागात कवडी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत किरकोळ चलन म्हणून चालत होती, आणि युरोपीय व्यापाऱ्यांनी ती पश्चिम आफ्रिकेत गुलामांच्या खरेदीसाठीही वापरली. मराठीत कवडी ही क्षुद्र किमतीची खूण ठरली असली, तरी मालदीवच्या दृष्टीने ती समुद्रातून निघणारा तांदूळ होती. ज्या देशात धान्य पुरेसे पिकत नाही, त्याला किनाऱ्यावरचे काही तरी परक्याला विकणे भागच असते. कवड्या, काथ्या व वाळविलेला मासा यांनी ही गरज शतकानुशतके भागविली. पुढे ती पुळणीनेच भागवावी लागली.

३

परक्या माणसाविषयीची वृत्तीही याच परिस्थितीतून घडलेली दिसते. व्यापारासाठी परका हवा, पण त्याने सत्तेच्या नजरेबाहेर जाऊ नये, अशी ही वृत्ती होती. इब्न बतूता इ. स. १३४३ मध्ये आला. आपली ओळख लपविण्याचा त्याचा विचार होता. कारण विद्वान काझी म्हणून तो ओळखला गेल्यास त्याला जाऊ देणार नाहीत अशी भीती त्याला होती. तसेच घडले. त्याला काझीचे पद मिळाले, मान मिळाला, राजकुळाशी सोयरीकही झाली. परंतु त्याचे वजन वाढताच वजीराशी त्याचे बिनसले आणि १३४४ मध्ये त्याला बेटे सोडावी लागली.

पिरारची कथा याहून बोधप्रद आहे. त्याचे ‘कोर्बँ’ नावाचे जहाज जुलै १६०२ मध्ये मालदीवच्या प्रवाळकड्यावर फुटले. वाचलेल्यांना वेगवेगळ्या बेटांवर ठेवण्यात आले. पिरार धिवेही शिकला, मालेत राजाच्या आश्रयास राहिला आणि त्याला बऱ्यापैकी वागणूक मिळाली. पण देश सोडण्याची परवानगी मात्र मिळाली नाही. १६०७ मध्ये बंगालच्या बाजूने आलेल्या आरमाराने मालेवर हल्ला केला, त्यात राजा मारला गेला आणि पिरारची सुटका झाली. पुढे तो गोव्यास पोहोचला आणि तेथील वास्तव्याचेही त्याने विस्तृत वर्णन लिहिले. गोव्याच्या इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित असलेला पिरार हा मालदीवमध्ये पाच वर्षे सक्तीचा पाहुणा होता, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे.

एकोणिसाव्या शतकात मुंबईकडील बोहरा व्यापारी मालेत स्थायिक झाले. आयात-निर्यातीचा मोठा भाग त्यांच्या हाती गेला आणि त्यांच्याविषयी असंतोष वाढून त्यांच्या दुकानांवर हल्ले झाले. हे व्यापारी ब्रिटिश प्रजाजन असल्याने त्या प्रकरणाला राजकीय रूप आले. १८८७ च्या कराराने मालदीव ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली आले, त्याच्या पार्श्वभूमीत हा तंटाही होता. राजधानीत वस्ती करून राहिलेला परका केव्हा राज्याच्या सार्वभौमत्वाचा प्रश्न बनेल हे सांगता येत नाही, असा धडा या घटनेत होता.

४

हाच धडा विसाव्या शतकात दक्षिणेकडील अद्दू अटॉलमध्ये अधिक तीव्रपणे मिळाला. १९५६ मध्ये ब्रिटनने गान बेटावर विमानतळ उभारण्याचा हक्क १०० वर्षांच्या मुदतीने मिळविला. गान हे निर्जन बेट नव्हते. तेथील रहिवाशांना शेजारच्या फेयधू बेटावर हलविण्यात आले, आणि फेयधूच्या लोकांना पुढे सरकावे लागले. तळावर रोख मजुरी मिळू लागली, माल मिळू लागला, आणि दूरच्या मालेवाचून आपले चालू शकते असे दक्षिणेकडील लोकांना दिसू लागले. १९५७ मध्ये पंतप्रधान झालेल्या इब्राहिम नासिर यांनी कराराची मुदत कमी करावी व वार्षिक मोबदला वाढवावा अशी मागणी केली. जानेवारी १९५९ मध्ये दक्षिणेच्या तीन अटॉलांनी स्वतंत्र ‘सुवादीव’ प्रजासत्ताक घोषित केले. १९६३ पर्यंत ते मोडून काढण्यात आले. दरम्यान १९६० च्या कराराने गानची मुदत ३० वर्षांवर आली.

या प्रकरणात दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. एक, बेट परक्याला मुदतीने देणे व त्याबद्दल मोबदला घेणे, ही जुन्या खंडाचीच आंतरराष्ट्रीय आवृत्ती होती. दुसरी, हे बेट वसलेले असल्यामुळे परक्याच्या पैशाचा आणि प्रजेचा थेट संबंध आला व त्यातून मध्यवर्ती सत्तेलाच आव्हान मिळाले. पुढे पर्यटकांना निर्जन बेटांवर ठेवण्याचे धोरण स्वीकारले गेले, त्याचे समर्थन धर्म व संस्कृती यांच्या रक्षणाच्या भाषेत करण्यात आले. ते समर्थन खोटे मानण्याचे कारण नाही. तथापि ज्या राज्यकर्त्यांनी हे धोरण आरंभिले त्यांनीच सुवादीवचे बंड मोडले होते, ही गोष्ट लक्षात घेतल्यास या धोरणात राजकीय अनुभवाचाही वाटा असावा, असे अनुमान करणे वावगे होणार नाही.

२६ जुलै १९६५ रोजी मालदीव पूर्ण स्वतंत्र झाला आणि ११ नोव्हेंबर १९६८ रोजी सुलतानशाही जाऊन प्रजासत्ताक आले. राजाची बेटे राज्याची झाली. खंडाची पद्धत मात्र राहिली. याच सुमारास देशाची जुनी उपजीविका धोक्यात आली. वाळविलेल्या माशाचा प्रमुख ग्राहक श्रीलंका हा देश होता. परकीय चलनाच्या टंचाईमुळे १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत त्याने ही आयात आवळली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तांदूळ न आल्यामुळे उद्भवलेली उपासमार त्या वेळच्या प्रौढ पिढीच्या स्मरणात होती. विकायचे काय, हा कवड्यांच्या काळचा प्रश्न पुन्हा उभा राहिला.

५

त्याचे उत्तर अनपेक्षित दिशेने आले. पर्यटनाला लागणारी कोणतीही साधने देशात नसल्याने या व्यवसायाला येथे वाव नाही असे मत बाहेरच्या तज्ज्ञांनी पूर्वी दिले होते, असे सांगितले जाते. हुलुलेवर १९६६ पासून धावपट्टी होती, पण नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा नव्हती. फेब्रुवारी १९७२ मध्ये जॉर्ज कॉर्बिन या इटालियन प्रवासव्यावसायिकाने पाहुण्यांची एक लहान तुकडी आणली. मालेत हॉटेल नसल्याने त्यांची सोय खाजगी घरांत करण्यात आली. अहमद नसीम, मोहम्मद उमर मणिकू व हुसेन अफीफ हे तरुण त्यांच्या व्यवस्थेत होते. त्यांच्याच उद्योगातून ३ ऑक्टोबर १९७२ रोजी मालेजवळच्या विहामानाफुशी या माडांच्या बेटावर ‘कुरुंबा व्हिलेज’ हे पहिले रिसॉर्ट सुरू झाले. धिवेहीत कुरुंबा म्हणजे शहाळे. जे बेट नारळासाठी राखलेले होते, त्याचा नवा उपयोग त्याच पिकाच्या नावाने ओळखला जावा, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

आरंभीच्या या निवासाला ऐश्वर्याचा स्पर्श नव्हता. ३० खोल्या, प्रवाळदगडाच्या भिंती, झावळ्यांची छपरे, न्हाणीत मचूळ पाणी आणि ताटात मासा, असे त्याचे स्वरूप होते. बाहेरच्या जगाशी संपर्क बिनतारी यंत्रानेच होई. त्याच वर्षी शेजारच्या बांदोस बेटावर दुसरे रिसॉर्ट उघडले. त्या वर्षीच्या पाहुण्यांची संख्या हजाराच्या आसपास होती. २०१९ मध्ये ती १७ लाखांवर गेली आणि २०२४ मध्ये तिने २० लाखांचा आकडा ओलांडला. म्हणजे एका वर्षातील पाहुण्यांची संख्या देशाच्या लोकसंख्येच्या कित्येक पट झाली.

या वाढीला चौकट दिली ती कायद्याने. १९७९ मध्ये पर्यटनविषयक पहिला कायदा झाला. १९८१ मध्ये हुलुले विमानतळ मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानांना योग्य करण्यात आला. १९८३ मध्ये पहिला पर्यटन आराखडा तयार झाला. आरंभीच्या काळात काही प्रवासी गावांतून अल्प भाड्याने राहू लागले होते. १९८० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात हा प्रकार थांबविण्यात आला, आणि ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ हे तत्त्व दृढ झाले. बेटाच्या भूमीचा पंचमांशाहून अधिक भाग बांधकामाखाली येऊ नये, इमारती माडांच्या शेंड्यांवर जाऊ नयेत, असे नियमही घालण्यात आले. पाहुण्याला ‘निसर्ग’ म्हणून जे दिसते ते या नियमांचे फळ आहे. माडांची ती रांग राखून ठेवलेली असते, आणि ती राखावी लागते याचे कारण ती विकली जात असते.

६

निर्जन बेट एकदा खंडाने घेतले म्हणजे ते निर्जन राहत नाही. तेथे वीजनिर्मितीची यंत्रे येतात, खारे पाणी गोडे करण्याची सामग्री येते, सांडपाण्याची व्यवस्था येते. धान्य, मांस, भाज्या, मद्य, लाकूड व इंधन बहुतांशी समुद्रापलीकडून आणावे लागते. पाहुण्यांच्या नजरेआड कर्मचाऱ्यांची वसाहत असते. तिच्यात मालदीवी लोकांबरोबरच बांगलादेश, भारत, श्रीलंका आदी देशांतील कामगार मोठ्या संख्येने असतात. ही वसाहत कुटुंबांची नसते. मालदीवी कामगार आपल्या गावाच्या बेटापासून महिनोन्‌महिने दूर राहतो. स्त्रियांनी एकटीने अशा ठिकाणी राहणे समाजाला न रुचल्यामुळे या व्यवसायात स्थानिक स्त्रियांचे प्रमाण दीर्घकाळ फारच अल्प राहिले.

यावरून एक विशेष ध्यानात येतो. परक्याला प्रजेपासून दूर ठेवण्यासाठी योजलेली व्यवस्था प्रजेच्या काही भागाला तिच्या घरापासून दूर नेऊ लागली. गावाचे रक्षण करणारे अंतर कामगाराला मात्र ओलांडून राहावे लागले. टाकाऊ पदार्थांच्या बाबतीतही अंतराचाच आश्रय घेण्यात आला. १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत मालेजवळच्या थिलाफुशी येथील उथळ पाण्यात राजधानीचा व आसपासच्या रिसॉर्टांचा केरकचरा टाकण्यास आरंभ झाला, आणि त्या भरावातून एक नवे बेटच तयार झाले. निवासासाठी एक बेट, शासनासाठी एक बेट, विमानांसाठी एक बेट, तसेच कचऱ्यासाठी एक बेट; भूगोलाने दिलेले विभाजन राज्याने पूर्णपणे उपयोगात आणले.

७

या व्यवस्थेची खरी परीक्षा समुद्रापाशी होते. मालदीवच्या बेटांची पुळण स्थिर नसते. नैर्ऋत्य मोसमी काळ, ज्याला धिवेहीत ‘हुळंगु’ म्हणतात, आणि ईशान्य मोसमी काळ, ज्याला ‘इरुवाइ’ म्हणतात, या दोहोंत लाटांची दिशा बदलते व वाळू बेटाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकते. माडांचे उत्पन्न घेणाऱ्या जुन्या खंडकऱ्याला त्याची फारशी अडचण नव्हती. परंतु प्रत्येक खोलीसमोर बारमाही पुळण देण्याचे वचन ज्याने दिले आहे त्याला वाळूचे हे ऋतुचक्र हानिकारक वाटू लागते. मग समुद्रात आडवे बांध घातले जातात, तळाची वाळू उपसून किनाऱ्यावर टाकली जाते. आणि एका ठिकाणी अडविलेली वाळू दुसऱ्या ठिकाणी उणी पडते.

प्रवाळाचेही तसेच. पूर्वी मशिदी, घरे आणि पहिली रिसॉर्टे यांसाठी प्रवाळ हाच दगड होता. वाढत्या बांधकामामुळे तो समुद्रातून काढण्यावर पुढे निर्बंध घालावे लागले. एप्रिल १९८७ मध्ये उंच लाटांनी माले व विमानतळ जलमय केले, तेव्हा सखल बेटांच्या अस्तित्वाचा प्रश्न जगापुढे आला. १९९८ मध्ये समुद्राचे तापमान वाढून उथळ पाण्यातील बहुतेक प्रवाळ पांढरे पडून मेले. २०१६ मध्ये हेच संकट पुन्हा आले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत शंभराच्या आसपास माणसे मरण पावली किंवा बेपत्ता झाली, काही वसलेली बेटे कायमची सोडावी लागली आणि अनेक रिसॉर्टे काही काळ बंद पडली. ज्या देशातील सर्वांत उंच नैसर्गिक भूमी समुद्रसपाटीपासून अडीच मीटरही नाही, तेथे ५० वर्षांच्या मुदतीचा खंड हा निसर्गाशी केलेला एक धाडसी करार ठरतो.

८

एकविसाव्या शतकात या जुन्या चौकटीला दोन बाजूंनी तडे गेले. पहिला तडा विभाजनाच्या तत्त्वाला गेला. २००८ मध्ये सत्तांतर झाल्यानंतर वसलेल्या बेटांवर पाहुण्यांसाठी लहान निवासगृहे चालविण्याची मुभा देण्यात आली. २०१० च्या सुमारास माफुशी बेटावर अशी निवासगृहे सुरू झाली, आणि पुढील काळात त्यांची संख्या देशभर शेकड्यांनी वाढली. गावाच्या किनाऱ्याचा एक भाग परक्यांच्या पेहरावासाठी आडोसा करून राखण्यात आला, आणि मद्यनिषेध मात्र कायम राहिला. म्हणजे बेटा-बेटांमधील सीमारेषा आता गावाच्या आत आली. तडजोड सोपी नव्हती. डिसेंबर २०११ मध्ये इस्लामच्या रक्षणार्थ मालेत निदर्शने झाल्यानंतर शासनाने रिसॉर्टांतील मर्दनगृहे बंद करण्याचा हुकूम काढला आणि थोड्याच दिवसांत तो मागे घेतला. दूरच्या बेटावर जे चालते ते आपल्यात चालत नाही असे मानण्याची सोय या प्रसंगी क्षणभर नाहीशी झाली होती.

दुसरा प्रश्न खंडाचा. प्रारंभी शासनाचे उत्पन्न खाटांच्या हिशेबाने येई. प्रत्येक पाहुण्यामागे प्रत्येक रात्रीचा ठरावीक कर होता आणि बेटाचा खंडही खाटांच्या संख्येवर अवलंबून असे. २०११ पासून पर्यटनातील विक्रीवर टक्केवारीने कर बसविण्यात आला आणि खंड भूमीच्या क्षेत्रफळावर आकारला जाऊ लागला. मुदती वाढत ५० वर्षांवर व पुढे त्याहूनही लांब गेल्या. नारळ, खाट आणि चौरस मीटर ही खंडाच्या मापाची तीन युगे होत. माप बदलले तरी बेट कोणाला द्यावे हे ठरविण्याचा अधिकार हेच सत्तेचे मर्मस्थान राहिले. त्याचा पुरावा फार मागे जाऊन शोधावा लागत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालाने असे दाखविले की, बेटे व उथळ पाण्याचे प्रदेश पर्यटनासाठी देताना राज्याला मिळावयाच्या रकमेपैकी सुमारे ७ कोटी ९० लाख डॉलरचा अपहार झाला होता. अनेक बेटे उघड स्पर्धेशिवाय देण्यात आली होती. सुलतानाच्या मर्जीने मिळणारा वरुवा आणि हा व्यवहार यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे, कारण दुसऱ्याला गुन्हा म्हणता येते व त्याचे लेखापरीक्षण होते. परंतु दोहोंची जागा एकच आहे.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. जुना खंडकरी वर्षाचे नारळ काढी. आजचा खंडकरी परदेशी भांडवल, विमानसेवा आणि जागतिक बाजारपेठ यांच्या बळावर उभा असतो. तेव्हा या दोहोंना एकाच परंपरेत गोवणे म्हणजे केवळ शब्दसाम्याला भुलणे नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. पर्यटनाने देशाचे उत्पन्न, आरोग्य व शिक्षण यांत जे परिवर्तन घडविले ते वरुवाने कधीच घडविले नसते. २०११ मध्ये मालदीव अत्यल्प विकसित देशांच्या यादीतून बाहेर पडला, यामागेही पर्यटन होते. तथापि भांडवल बाहेरून आले तरी ते ज्या साच्यात ओतले गेले तो साचा स्थानिक होता. आशिया व पॅसिफिकमधील अन्य कित्येक किनाऱ्यांवर पर्यटनाने शेतकऱ्यांच्या व कोळ्यांच्या जमिनी तुकड्यातुकड्याने विकत घेतल्या. मालदीवमध्ये असे घडले नाही, कारण विकण्याजोगी खाजगी जमीन त्या बेटांवर नव्हतीच. त्यामुळे येथे विस्थापनाचे दुःख कमी झाले, आणि त्याच कारणाने लाभाचे वाटपही गावकऱ्यांच्या हाती न राहता मालेतील सत्तेच्या हाती राहिले. या दोन्ही परिणामांचे मूळ एकच आहे.

पुळणीवर उतरलेल्या पाहुण्याला आपण इतिहासाबाहेर आलो आहोत असे वाटते. वास्तविक तो एका जुन्या आणि काळजीपूर्वक जपलेल्या व्यवस्थेत दाखल झालेला असतो. इब्न बतूताप्रमाणे त्याला मान मिळतो, पिरारप्रमाणे त्याची जागा ठरवून दिली जाते. मात्र या दोघांच्या उलट त्याला हवे तेव्हा परत जाता येते, आणि गावाची भाषा शिकण्याचे कारण त्याला पडत नाही. पिरारने पाच वर्षांच्या सक्तीच्या मुक्कामात धिवेही शब्दांची यादी केली, आणि ती आज त्या भाषेच्या इतिहासाचे साधन ठरली आहे. आजच्या व्यवस्थेत पाहुणे लक्षावधी आहेत. पण यजमानांविषयी अशी नोंद करण्याइतकी त्यांची भेट होण्याची जागा कोठे असेल, तर ती रिसॉर्टच्या बेटावर नसून माफुशीसारख्या गावातल्या लहान निवासगृहात आहे. म्हणून मालदीवच्या पर्यटनाच्या पुढील इतिहासाचा आरंभ करताना तेथील गावसभा, मशिदी, दुकाने आणि आडोसा घातलेला तो किनारा यांच्यापासून करणे अभ्यासकाला अधिक फलदायी ठरेल.